इंग्रजीत ‘काहीतरीच काय!’ कसं म्हणावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे, इंग्रजी मालिका उपशीर्षकांशिवाय पाहू लागलेले, परदेशात शिकायला गेलेले आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे वाचक समोर ठेवून ही पानं लिहिली आहेत. एखादं म्हणणं ‘निव्वळ बकवास’ म्हणून उडवून लावण्यासाठी इंग्रजी बोलीभाषेत डझनांनी शब्द आहेत. शाळेच्या पुस्तकात ते भेटत नाहीत आणि चुकीच्या जागी वापरले तर माणसं दुखावतात.

‘रबिश’, ‘बुलशिट’, ‘बलोनी’, ‘टॉश’ या सगळ्यांचा अर्थ एकच आहे ना? मग कुठलाही वापरला तर काय बिघडतं?

शब्दकोशात या सगळ्यांपुढे जवळजवळ सारखाच अर्थ दिसतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. शब्द निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तो किती शिवराळ आहे, कुठल्या देशातला आहे, आणि नेमक्या कोणत्या प्रकारच्या फोलपणाबद्दल आहे.

पहिल्या दोन गोष्टींकडे लोकांचं लक्ष जातं, तिसरी निसटते. मराठीत थाप, बाता, भाकडकथा आणि बरळणं यांत आपण सहज फरक करतो. थाप मारणाऱ्याला सत्य ठाऊक असतं, बरळणाऱ्याला नसतं. इंग्रजीतही तसंच आहे. ‘बलोनी’ आणि ‘मलार्की’ यांत समोरचा आपल्याला गुंडाळू पाहतोय असा वास असतो. ‘ड्रिव्हल’ आणि ‘ट्वॉडल’ म्हणजे अर्थहीन बडबड. त्यात फसवण्याचा हेतू नसतो, अक्कल कमी असते एवढंच. ‘हॉट एअर’ म्हणजे तोंडची वाफ: आश्वासनं मोठी, हातात काही नाही. ‘गॉबल्डीगुक’ म्हणजे कार्यालयीन किंवा तांत्रिक शब्दांचं असं जंजाळ की वाचणाऱ्याला काही कळू नये. ‘क्लॅपट्रॅप’ म्हणजे टाळ्या घेण्यासाठी फेकलेली पोकळ वाक्यं. ‘कॉक अँड बुल स्टोरी’ ही बहुधा सबब असते: उशीर का झाला, पैसे कुठे गेले, याची रचलेली आणि न पटणारी कहाणी. ‘ट्राइप’ आणि ‘टॉश’ पुस्तक, चित्रपट, लेख यांच्या दर्जाबद्दल जास्त वापरले जातात. ‘ट्राइप’ म्हणजे मुळात जनावराचं जठर, आपल्याकडची वजडी. ‘स्नेक ऑइल’ म्हणजे गुण नसलेलं औषध किंवा उपाय, मोठ्या दाव्यांसह विकलेला.

म्हणून सहकाऱ्याने वीस पानी अगम्य अहवाल पाठवला तर तो ‘गॉबल्डीगुक’ आहे. त्याला ‘बलोनी’ म्हटलंत, तर तुम्ही त्याच्यावर खोटेपणाचा आरोप केलात.

‘बुलशिट’ला स्वतःची वेगळी छटा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी ती नेमकी पकडली: खोटं बोलणाऱ्याला सत्य काय आहे याची फिकीर असते, म्हणूनच तो ते लपवतो, ‘बुलशिट’ करणाऱ्याला आपण बोलतो ते खरं की खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं, त्याला फक्त छाप पाडायची असते.

शिवराळपणा कसा मोजायचा? मालिकांमध्ये तर सगळेच सगळं बोलतात.

मालिकांवरून अंदाज बांधू नका. जास्त भरवशाचा आधार म्हणजे ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था ऑफकॉम. तिने २०१६ साली प्रेक्षकांची मतं घेऊन आक्षेपार्ह शब्दांची प्रतवारी प्रसिद्ध केली. त्यात ‘क्रॅप’ सौम्य गटात होता, तर ‘बुलशिट’ आणि ‘बॉलक्स’ मध्यम गटात. मध्यम गटातले शब्द रात्री ९ च्या आधी दूरचित्रवाणीवर आक्षेपार्ह ठरू शकतात. जो शब्द तिथे रात्री ९ पर्यंत जपून वापरतात, तो सकाळी ११ च्या ऑफिस बैठकीत तोंडून काढताना दोनदा विचार करावा, एवढं गणित पुरेसं आहे.

ढोबळमानाने चार पायऱ्या धरा. सगळ्यात खाली निरुपद्रवी आणि किंचित जुनाट शब्द: ‘पॉपिकॉक’, ‘बॉल्डरडॅश’, ‘पिफल’, ‘फिडलस्टिक्स’. त्यावर रोजचे, सभ्य पण धारदार: ‘नॉनसेन्स’, ‘रबिश’, ‘गार्बेज’, ‘हॉगवॉश’, ‘बलोनी’. तिसऱ्या पायरीवर मित्रांत चालणारे: ‘क्रॅप’, ‘बुल’, ‘बीएस’, ‘अ लोड ऑफ कॉब्लर्स’. चौथीवर ‘बुलशिट’ आणि ‘बॉलक्स’.

‘बीएस’ हे ‘बुलशिट’चं आद्याक्षरी रूप. अमेरिकन कार्यालयांत ते बऱ्यापैकी खपतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात पूर्ण शब्द उमटतोच. ग्राहकासमोर तेही टाळा.

‘कॉब्लर्स’बद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण तो दिसायला फार गरीब आहे. लंडनच्या यमक जुळवणाऱ्या बोलीतून तो आला. ‘कॉब्लर्स ऑल्स’, म्हणजे मोच्याच्या आऱ्या, यातल्या शेवटच्या शब्दाचं यमक वृषणांसाठीच्या ‘बॉल्स’ या शब्दाशी जुळतं. पुढे यमकाचा शब्द गळला आणि मोची तेवढे उरले. आज तो सौम्य मानला जातो, तरी वयस्क ब्रिटिश माणसाला मूळ ठाऊक असतं.

‘बॉलक्स’ खरंच इतका वाईट आहे का? ब्रिटिश लोक तर हसत हसत म्हणतात.

हसत म्हणतात ते आपसात. शब्दाचा मूळ अर्थ वृषण. १९७७ साली एका पंक बँडच्या अल्बमच्या शीर्षकात हा शब्द होता, म्हणून नॉटिंगहॅममधल्या रेकॉर्डच्या दुकानावर अश्लील जाहिरात लावल्याचा खटला भरला गेला. तिथल्या विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली यांनी साक्षीत शब्दाचा जुना इतिहास मांडला, धर्मोपदेशकांना उद्देशून होणारा वापर आणि ‘निरर्थक बडबड’ हा अर्थ सांगितला, आणि दुकान सुटलं. तरीही ऑफकॉमच्या २०१६ च्या यादीत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनंतरही, तो मध्यम गटात होता.

शिवाय या शब्दाची रूपं सांभाळणं नवख्याला अवघड जातं. ‘दॅट्स बॉलक्स’ म्हणजे साफ खोटं किंवा फालतू. ‘इट्स द डॉग्ज बॉलक्स’ म्हणजे एकदम उत्कृष्ट. ‘आय गॉट अ बॉलकिंग’ म्हणजे मला सणसणीत बोलणी बसली. ‘आय मेड अ बॉलक्स ऑफ इट’ म्हणजे मी पार घोळ घातला. चारही वाक्यं कळायला हवीत. बोलायची गरज नाही.

ऑफिसच्या बैठकीत समोरच्याचं म्हणणं चुकीचं आहे, हे न दुखावता कसं सांगायचं?

इथे वरच्या यादीतला एकही शब्द नको. म्हणण्याला नाव ठेवण्याऐवजी ते कुठे अडतं तिथे बोट ठेवणारे वाक्प्रचार वापरा.

आकडे जुळत नसतील तर ‘दॅट डझन्ट अ‍ॅड अप’. युक्तिवादाला गळती असेल तर ‘दॅट डझन्ट होल्ड वॉटर’. थोडा आधार आहे, पण निष्कर्ष फारच ताणलाय, तर ‘दॅट्स अ बिट ऑफ अ स्ट्रेच’. पटलंच नाही तर ‘आय डोन्ट बाय इट’, मात्र हे बरोबरीच्या माणसाला. वरिष्ठांना ‘आय फाइंड दॅट हार्ड टु बिलीव्ह’ आणि लगेच कारण. कारण जोडायला विसरू नका. नुसतं ‘मला पटत नाही’ म्हणून थांबलात, तर इंग्रजीत ते आहे त्यापेक्षा जास्त कठोर वाटतं.

अर्धं खरं मानायचं असेल तर ‘पिंच ऑफ सॉल्ट’, अमेरिकेत ‘ग्रेन ऑफ सॉल्ट’. ‘आय’ड टेक दोज फिगर्स विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ याचा अर्थ ते आकडे खोटे आहेत असा होत नाही, जरा सांभाळून धरा असा होतो. बऱ्याच मराठी बोलणाऱ्यांकडून हा वाक्प्रचार पूर्ण नकारासाठी वापरला जातो आणि समोरच्याला वाटतं की तुम्ही अर्धे तयार आहात.

उलट ‘विथ रिस्पेक्ट’ आणि ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकून खूश होऊ नका. ब्रिटिश तोंडी ही बहुतेक वेळा विरोधाची नांदी असते. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकन उपाध्यक्षपदाच्या वादविवादात जो बायडेन यांनी पॉल रायन यांना याच शब्दांनी सुरुवात करून पुढे ‘दॅट्स अ बंच ऑफ मलार्की’ ऐकवलं होतं.

हे शब्द वाक्यात बसवताना कोणत्या चुका होतात?

सगळ्यात मोठी चूक अनेकवचनाची. ‘नॉनसेन्स’, ‘रबिश’, ‘हॉगवॉश’, ‘बलोनी’, ‘बुलशिट’ हे सगळे न मोजता येणारे शब्द आहेत. त्यांना ‘-एस’ लागत नाही आणि एरवी आधी ‘अ’ही लागत नाही. ‘दीज आर ऑल नॉनसेन्सेस’ चूक; ‘धिस इज ऑल नॉनसेन्स’ बरोबर. मोजायचंच असेल तर मधे माप घालावं लागतं: ‘अ लोड ऑफ रबिश’, ‘अ बंच ऑफ मलार्की’, ‘अ पीस ऑफ नॉनसेन्स’. माप आणि शब्द यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ‘लोड’ जवळजवळ सगळ्यांना चालतं आणि ब्रिटनमध्ये त्यात ‘ओल्ड’ घालून जोर देतात: ‘अ लोड ऑफ ओल्ड टॉश’. ‘बंच’ अमेरिकन आहे. ‘क्रॉक’ही अमेरिकन, आणि तो एकटाच पुरतो, ‘दॅट्स अ क्रॉक’; पुढचा अश्लील शब्द गिळलेला असतो हे लक्षात ठेवा.

जोर देण्यासाठी ‘व्हेरी’ वापरू नका. ‘व्हेरी रबिश’ फारच परकं वाटतं. ‘अटर’, ‘कम्प्लीट’, ‘टोटल’, ‘अ‍ॅब्सोल्यूट’ वापरा. ब्रिटिशांची आवडती जोडी ‘कम्प्लीट अँड अटर’.

क्रियापद ‘टॉक’: ‘यू आर टॉकिंग रबिश’. ‘टेलिंग रबिश’ किंवा ‘सेइंग रबिश’ नको. याला कारण मराठीच. ‘काहीतरी सांगतोय’ हे आपलं वाक्य तसंच उतरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘दॅट्स नॉनसेन्स’ आणि ‘यू आर टॉकिंग नॉनसेन्स’ यांत बराच फरक आहे. पहिलं वाक्य म्हणण्यावर रोखलेलं आहे, दुसरं माणसावर. वाद वाढवायचा नसेल तर कर्त्याच्या जागी ‘दॅट’ ठेवा.

‘माय फूट!’ रागावल्यावर म्हटलं तर चालतं ना?

आपल्याकडे ते ‘गेलास खड्ड्यात’सारखं सुटं वापरतात. इंग्रजीत त्याला समोरच्याचा एखादा शब्द आधी लागतो. कोणी म्हणालं, ‘ही इज बिझी’, तर तुम्ही म्हणायचं, ‘बिझी, माय फूट!’ अर्थ: कसला आलाय बिझी! ज्या शब्दावर तुमचा विश्वास नाही तोच उचलायचा. ‘माय आय’ अशाच जागी वापरत, पण ते आता जुनं वाटतं. ‘माय अ‍ॅस’ हे अमेरिकन शिवराळ भावंड.

‘येआ, राइट’ म्हणजे होकार की नकार?

शब्द होकाराचे, अर्थ नकाराचा. सगळा खेळ सुराचा आहे: आवाज सपाट, पहिला शब्द लांबवलेला, दुसरा खाली उतरलेला. तोच सूर मराठीत ‘हो, हो, माहितीये’मध्ये लागतो. लिहिताना सूर हरवतो, म्हणून कामाच्या चॅटवर हे लिहू नका. समोरचा मान्यता समजून पुढचं काम सुरू करू शकतो. होकार द्यायचा असेल तर ‘दॅट्स राइट’.

याच घराण्यातले बाकीचे: ‘अ‍ॅज इफ!’, ‘गिव्ह मी अ ब्रेक’, ‘कम ऑफ इट’ आणि ब्रिटिशांचं ‘यू’र हॅविंग अ लाफ’. ‘गेट आउट ऑफ हिअर’ मात्र जपून ऐका. अमेरिकन माणूस आनंदाच्या बातमीवरही तेच म्हणतो. तुम्हाला बढती मिळाली हे ऐकून कोणी ते म्हणालं तर उठून जाऊ नका, ‘काय सांगतोस!’ एवढाच त्याचा अर्थ.

‘पुल द अदर वन’ पुष्कळांना कळत नाही. ‘पुलिंग माय लेग’, म्हणजे फिरकी घेणं, हे आधी ठाऊक असावं लागतं. मग: ‘हा पाय ओढून झाला, आता दुसरा ओढ.’ पूर्ण रूपात ‘इट्स गॉट बेल्स ऑन’, त्याला घुंगरू बांधलेत, असंही जोडतात. मराठीत इथे ‘कोणाला शेंड्या लावतोस?’ चपखल बसतं.

ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांत घोटाळा कुठे होतो?

नुसतं ‘हा शब्द इकडचा, तो तिकडचा’ एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. एकच शब्द दोन देशांत दोन अर्थांनी चालतो तिथे खरा घोटाळा. ब्रिटनमध्ये ‘वॉफल’ म्हणजे मुद्दा सोडून पाल्हाळ लावणं. अमेरिकेत ‘वॉफल’ म्हणजे निर्णय न घेता इकडून तिकडे डोलणं. साहेब ब्रिटिश असेल आणि ‘स्टॉप वॉफलिंग’ म्हणाला तर थोडक्यात बोला; अमेरिकन असेल तर काय ते एकदा ठरवा. ‘पँट्स’ अमेरिकेत पँट, ब्रिटनमध्ये आतली चड्डी, आणि ब्रिटिश बोलीत ‘द फिल्म वॉज पँट्स’ म्हणजे सिनेमा टुकार होता.

‘रबिश’ ब्रिटिश, ‘गार्बेज’ आणि ‘ट्रॅश’ अमेरिकन, हे सर्वांना ठाऊक असतं. ‘रबिश’ ब्रिटनमध्ये स्वतःबद्दलही वापरतात: ‘आय अ‍ॅम रबिश अ‍ॅट कुकिंग’, मला स्वयंपाक अजिबात जमत नाही. डुकरंसुद्धा दोन्हीकडे वेगळी उडतात. ब्रिटिश माणूस ‘पिग्ज माइट फ्लाय’ हे सुटं उत्तर म्हणून देतो. अमेरिकन ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ म्हणतो, ‘कधी?’ या प्रश्नाला. दोन्ही ठिकाणी अर्थ आपला ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’.

मेलबर्न-सिडनीकडे असाल तर ‘फर्फी’ कानावर पडेल. व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपार्टनच्या फर्फी कुटुंबाच्या कारखान्यात पाण्याच्या गाड्या बनत आणि टाकीवर ठसठशीत नाव असे. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या छावण्यांत या गाड्या पाणी पुरवत. गाडीभोवती सैनिक जमत, गाडीवाले इकडच्या बातम्या तिकडे नेत, आणि पिकलेल्या कंड्यांना गाडीचंच नाव पडलं. आजही ऑस्ट्रेलियन राजकारणी विरोधकाचा दावा ‘फर्फी’ म्हणून उडवतात. स्कॉटलंडमध्ये ‘हेव्हर’ म्हणजे बरळणं.

आपल्या इंग्रजीतले ‘नॉनसेन्स’, ‘बोगस’, ‘आयवॉश’ तिकडे तसेच चालतात का?

‘नॉनसेन्स’ माणसाला लावू नका. ‘नॉनसेन्स कुठला!’ हे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत माणूस नॉनसेन्स नसतो, त्याचं बोलणं असतं.

‘बोगस’ मराठीत पक्का रुळला आहे: बोगस बियाणं, बोगस डॉक्टर, बोगस मतदार. नकली या अर्थाने इंग्रजीतही तो बरोबर आहे. पण कंटाळवाणा, बिनकामाचा म्हणून आपण ‘लेक्चर बोगस होतं’ म्हणतो, ते ब्रिटिशाला कळणार नाही. त्याला वाटेल व्याख्याता तोतया होता.

‘आयवॉश’ भारतात देखाव्यासाठी केलेल्या कारवाईला म्हणतात, मराठीत धूळफेक किंवा डोळ्यांत धूळ. हा अर्थ ब्रिटिश लष्करी बोलीत होता, आता तिकडे क्वचितच ऐकू येतो. परदेशी वाचकासाठी ‘विंडो ड्रेसिंग’ किंवा ‘फॉर शो’ लिहा.

‘कॉड्झवॉलप’ हा शब्द आपल्या गोटी सोड्याच्या बाटलीवरून आला, हे खरं आहे का?

कथा अशी सांगतात: हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने गोटीने बंद होणारी सोड्याची बाटली शोधली, ‘वॉलप’ म्हणजे बिअर, दारूड्यांनी सोड्याला हिणवून ‘कॉडची बिअर’ म्हटलं आणि त्यातून फालतू गोष्टीसाठी ‘कॉड्झवॉलप’ रूढ झाला.

बाटलीचा भाग खरा आहे. कॉडने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. गळ्यात रबराची कडी, आत काचेची गोटी. वायूच्या दाबाने गोटी वर कडीला जाऊन घट्ट बसते आणि अंगठ्याने किंवा लाकडी ठोकणीने आत ढकलली की सुटते. आपल्याकडच्या गाड्यांवर आजही मिळते ती बाटली हीच.

शब्दाचा भाग मात्र टिकत नाही. ‘कॉड्झवॉलप’ छापील किंवा लिखित स्वरूपात सापडतो तो थेट १९५९ मध्ये, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाच्या संहितेत. ‘वॉलप’चा बिअर हा अर्थही विसाव्या शतकातला. बाटली आणि शब्द यांत सुमारे ८५ वर्षांची पोकळी, आणि मधल्या काळात एकही नोंद नाही. शब्दाच्या उगमाची कोणतीही चटकदार कथा ऐकली की हीच कसोटी लावा: वस्तू कधीची, शब्दाची पहिली नोंद कधीची, आणि मधला काळ कोरा का आहे?

मग खात्रीचा उगम कोणत्या शब्दांचा आहे?

‘बंकम’ आणि त्याचं छोटं रूप ‘बंक’. १८२० साली अमेरिकन काँग्रेसमध्ये मिसुरीला राज्याचा दर्जा देण्यावर, म्हणजे खरं तर गुलामगिरीवर, चर्चा चालू होती. सभागृहाला मतदान हवं होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या बंकम परगण्याचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले, सभासदांनी बसा म्हटलं, तर म्हणाले की मला बंकमसाठी बोलायलाच हवं. मतदारांना दाखवण्यासाठी केलेल्या भाषणाला तेव्हापासून परगण्याचं नाव चिकटलं. गावाकडच्या वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून सभागृहात होणारी भाषणं कोणत्याच देशाला नवीन नाहीत.

‘गॉबल्डीगुक’ १९४४ चा. टेक्ससचे माजी खासदार मॉरी मॅव्हरिक तेव्हा युद्धकाळातल्या छोट्या कारखान्यांसाठीच्या सरकारी महामंडळाचे प्रमुख होते. हाताखालच्यांच्या लांबलचक, बोजड टिपणांना वैतागून त्यांनी साधं लिहिण्याचा हुकूम काढला आणि त्या भाषेला हे नाव दिलं. टर्की पक्ष्याच्या ऐटबाज गुडगुडाटावरून आपल्याला ते सुचलं असं त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा सॅम्युएल मॅव्हरिक आपल्या गुरांना डाग देत नसत. त्यांच्यावरून ‘मॅव्हरिक’, म्हणजे कळपात न राहता आपल्या मनाने चालणारा माणूस, हा शब्द आला.

‘क्लॅपट्रॅप’ अठराव्या शतकातल्या रंगभूमीचा: टाळी पकडण्याचा सापळा. ‘बॉश’ तुर्की, अर्थ रिकामं. जेम्स मोरिए यांच्या कादंबरीमुळे १८३० च्या दशकात इंग्रजीत पसरला. ‘हॉगवॉश’ म्हणजे डुकरांना घालायचं खरकटं. ‘पॉपिकॉक’ डच शब्दावरून आला असावा, आणि त्या डच शब्दात विष्ठा आहे. आज तो आजीबाईंनाही चालतो, कारण मूळ सगळे विसरले.

‘डीबंक’, ‘रबिश’ आणि ‘रिफ्यूट’ ही क्रियापदं एकमेकांच्या जागी चालतात का?

अजिबात नाही, आणि बातम्या लिहिणाऱ्यांनी इथे फार काटेकोर राहायला हवं. ‘रबिश अ क्लेम’ म्हणजे दावा तुच्छतेने उडवला; पुरावा दिला असं यातून निघत नाही. ‘डिनाय’ म्हणजे नाकारला. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्यानिशी खोडला. ‘डीबंक’ म्हणजे प्रचलित समजातला फोलपणा उघड केला. ‘बंक’ काढून टाकणं, या अर्थी हे क्रियापद १९२३ साली रूढ झालं. मंत्री नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणाले असतील तर ‘मिनिस्टर रिफ्यूटेड’ लिहू नका.

उडवून लावणं आणि खोटं ठरवणं यांत किती अंतर असतं त्याचा मोठा दाखला विज्ञानात आहे. ११ सप्टेंबर १९३३ रोजी लेस्टरमधल्या भाषणात अणुकेंद्राचा शोध लावणारे अर्नेस्ट रदरफर्ड म्हणाले की अणूंच्या रूपांतरातून ऊर्जेचा स्रोत शोधणारे ‘मूनशाइन’, म्हणजे निव्वळ बाता, बोलताहेत. दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’मध्ये ते वाचून भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड चिडले, लंडनमध्ये चालता चालता विचार करत राहिले आणि त्यांना अणुसाखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. दहा वर्षांच्या आत, १९४२ मध्ये, शिकागोत ती प्रत्यक्ष घडवली गेली. ‘मूनशाइन’चा हा अर्थ आता मागे पडलाय, अमेरिकेत ती हातभट्टीची दारू.

‘मंबो जंबो’ वापरावा का?

संगणकाच्या अगम्य परिभाषेबद्दल वापरतात, पण टाळलेला बरा. पश्चिम आफ्रिकेतल्या मँडिंका लोकांच्या परंपरेतल्या मुखवटाधारी पात्राचं नाव अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी उचललं आणि त्यातून हा शब्द झाला. कोणाच्याही पूजाविधीला तर तो कधीच लावू नये. त्या जागी ‘जार्गन’ किंवा ‘गॉबल्डीगुक’ पुरेसे आहेत.

भाषांतर करताना मराठीत काय लिहावं?

आधी पात्राचं वय, देश आणि रागाची पायरी ठरवा, मग शब्द. सगळीकडे ‘बकवास’ लिहिलं की संवाद हिंदीतून आल्यासारखे वाटतात आणि माणसांमधला फरक पुसला जातो.

‘पॉपिकॉक’ म्हणणाऱ्या वृद्ध सरदाराला ‘खुळचटपणा!’ किंवा ‘काहीतरीच!’ शोभेल. मित्राच्या ‘कम ऑफ इट’ला ‘चल, फेकू नकोस’; मुलीच्या ‘अ‍ॅज इफ’ला ‘काहीही हं’. ‘हंबग’ला ढोंग, ‘क्लॅपट्रॅप’ला टाळीबाज भाषण, ‘ड्रिव्हल’ला बरळणं. ‘टेल दॅट टु द मरीन्स’मधले आरमारी सैनिक मराठीत आणू नका, ब्रिटिश खलाशी त्यांना भोळसट समजत, हे वाचकाला तळटीपेशिवाय कळणार नाही. ‘हे दुसऱ्या कुणाला तरी सांग’ एवढ्याने काम होतं.

‘बुलशिट’ला एकच ठरावीक प्रतिशब्द नाही. वकील न्यायालयाबाहेर म्हणतो तेव्हा ‘शुद्ध थापा’, कामगार साहेबाला म्हणतो तेव्हा ‘झक मारतोय’, वैतागलेली डॉक्टर स्वतःशी म्हणते तेव्हा ‘काय फालतूपणा आहे’. उपशीर्षकात जागेचीही अडचण असते: ओळीत साधारण ४० अक्षरं मावतात, म्हणून ‘थापा!’ हा दोन अक्षरी शब्द अनेकदा सुटका करतो.

कोणी आपल्यालाच तोंडावर ‘दॅट्स रबिश’ म्हणालं तर?

‘सॉरी’ म्हणू नका आणि आवाजही चढवू नका. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांत हे बरेचदा मुद्द्यावर असतं, माणसावर नसतं. ‘व्हिच पार्ट?’ असं विचारा. नेमका कोणता भाग चुकीचा ते त्यांना सांगावंच लागतं आणि चर्चा मुद्द्यावर येते. तेच वाक्य ‘यू’ने सुरू झालं असेल आणि पुढे चौथ्या पायरीवरचा शब्द असेल, तर ‘लेट्स स्टिक टु द फिगर्स’ म्हणून विषय आकड्यांकडे वळवा. बैठकीनंतर जे ठरलं ते ईमेलने लिहून पाठवा, आणि त्यात तो शब्द उद्धृत करू नका.

सुरुवातीला किती शब्द शिकायचे?

बोलण्यासाठी पाच: ‘नॉनसेन्स’, ‘रबिश’, ‘कम ऑफ इट’, ‘आय डोन्ट बाय इट’, ‘दॅट डझन्ट अ‍ॅड अप’. अमेरिकनांशी काम असेल तर ‘रबिश’च्या जागी ‘बलोनी’ घ्या. बाकीचे सगळे ऐकून आणि वाचून ओळखता आले की झालं.